हॅम्बुर्गचे आलेख आणि सिलिकॉनची झीज

हॅम्बुर्ग विद्यापीठात १९९९ साली मिखाएल मोल यांनी सादर केलेल्या पीएच.डी.च्या प्रबंधात एक आकृती आहे. खाली डावीकडून वर उजवीकडे चढत जाणारी एक सरळ रेघ आणि तिच्यावर दाटीनं बसलेले वेगवेगळ्या आकारांचे ठिपके. कणभौतिकीसाठी सिलिकॉनचे डिटेक्टर घडवणाऱ्या कुणालाही ती दाखवा, खालची ओळ झाकून ठेवलीत तरी तो ओळखेल. पाव शतक झालं, या विषयावरचं व्याख्यान तिच्यावाचून पुरं होत नाही. इतक्या वेळा पाहिलेल्या गोष्टीकडे आपण पाहणं सोडून देतो. म्हणून ही आकृती आणि तिच्या कुळातल्या आणखी तीन, एखाद्या कवितेसारख्या ओळीओळीनं वाचाव्यात असं मला फार दिवस वाटत होतं.

आधी ठिकाण सांगायला हवं. सर्नच्या लार्ज हॅड्रॉन कोलायडरमध्ये, जमिनीखालच्या २७ किलोमीटर परिघाच्या बोगद्यात, प्रोटॉनांचे झोत सेकंदाला ४ कोटी वेळा समोरासमोर येतात. टक्कर जिथे होते तिथून काही सेंटिमीटरवर सिलिकॉनच्या पातळ चकत्या लावलेल्या असतात, जाडी साधारण ३०० मायक्रॉन. विद्युतभारित कण चकतीतून आरपार जाताना वाटेत वीस-बावीस हजार इलेक्ट्रॉन आणि तितक्याच रिकाम्या जागा मोकळ्या करून जातो. चकतीला व्होल्टेज दिलेलं असल्यानं हा भार काही नॅनोसेकंदांत कडेच्या पट्ट्यांवर गोळा होतो, आणि कण कुठून गेला ते कळतं. मापन एवढंच. पण ज्या कणांचा माग काढायचा, तेच कण चकती मोडतही असतात. सिलिकॉनचा अणू स्फटिकातल्या जागेवरून उखडायला २५ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास ऊर्जा पुरते, आणि इथे तर ऊर्जेची लयलूट असते. अणू उखडला की मागे पोकळी राहते, उखडलेला अणू जाळीत भलत्याच ठिकाणी जाऊन अडकतो. बहुतेक पोकळ्या आणि भटके अणू पुन्हा एकमेकांना भेटून मिटून जातात. जे उरतात ते स्फटिकात हिंडतात आणि ऑक्सिजन, कार्बन, फॉस्फरस अशा परक्या अणूंना किंवा एकमेकांना चिकटून कायमचे दोष बनतात. दर चौरस सेंटिमीटरवर किती मारा झाला हे मोजायचं एकक ठरलेलं आहे: तेवढीच मोडतोड करायला १ मेगा-इलेक्ट्रॉन-व्होल्टचे किती न्यूट्रॉन लागले असते, तो आकडा. कोलायडरच्या पहिल्या पिढीच्या डिटेक्टरांसाठी हा आकडा एकावर १४-१५ शून्यं इतका धरला होता.

आता ती सरळ रेघ. आडव्या अक्षावर मारा, उभ्या अक्षावर गळती प्रवाह, म्हणजे एकही कण गेला नसताना चकतीतून आपसूक वाहत राहणारी वीज, दर घनसेंटिमीटरला. दोन्ही अक्ष लॉग मोजपट्टीचे. मारा एकावर ११ शून्यांपासून एकावर १५ शून्यांपर्यंत, म्हणजे दहा हजार पटींनी वाढतो आणि रेघ कुठेही वाकत नाही. मारा दुप्पट झाला की गळती दुप्पट होते, अधलंमधलं काही नाही.

पण या आकृतीचं खरं वाचन कोपऱ्यातल्या यादीत आहे. कोणता ठिपका कोणत्या सिलिकॉनचा, ते तिथे सांगितलंय: फ्लोट-झोन पद्धतीनं वाढवलेलं, चोक्राल्स्की पद्धतीनं वितळलेल्या सिलिकॉनमधून ओढून काढलेलं, थरावर थर चढवून केलेलं; एन-प्रकारचं, पी-प्रकारचं; ज्याचा रोध हजारो ओहम-सेंटिमीटर आहे असं अतिशुद्ध आणि ज्याचा शंभराच्या घरात आहे असं साधं. कारखान्यात या मालाच्या किमतीत केवढा फरक असेल! मात्र माऱ्याखाली गेल्यावर सगळ्यांचे ठिपके एकाच रेघेवर येऊन बसतात. गळतीच्या बाबतीत महागडी शुद्धता काहीही कामाची नाही, हे या आकृतीनं एका नजरेत सांगून टाकलं. रेघेचा चढ म्हणजे ‘आल्फा’ नावाचा एकच स्थिरांक, आणि तो मोल यांनी ३.९९ गुणिले १० चा उणे १७वा घात, अँपियर प्रति सेंटिमीटर, इतका नेमका दिला. त्याचा व्यवहारातला अर्थ असा: एक चौरस सेंटिमीटरची, ३०० मायक्रॉन जाडीची चकती एकावर १४ शून्यं इतका मारा खाऊन आली, की खोलीच्या तापमानाला तिच्यातून सुमारे १२० मायक्रोअँपियर गळणार. नवी असताना हीच गळती नॅनोअँपियरच्या घरात होती. आता ही चकती स्वतःच्या गळतीनं तापते, तापली की अधिक गळते, आणि थंड ठेवली नाही तर हे चक्र थांबत नाही. म्हणून अशा डिटेक्टरांना शून्याखाली ठेवतात. २० अंशांवरून उणे १० अंशांवर आणलं की गळती पंधरा-वीस पटींनी उतरते.

आणखी एक बारकावा आहे. आकृतीत मोजमापाची अट दिलेली असते: मारा झाल्यावर चकती ६० अंश सेल्सिअसला ८० मिनिटं ठेवली. ही अट वगळून आकृती वाचली, तर वाचली असं मी म्हणणार नाही. कारण गळती मारा थांबल्यावरही स्थिर नसते. तास, दिवस, आठवडे ती उतरत राहते. एकानं मापन दुसऱ्या दिवशी केलं आणि दुसऱ्यानं महिन्यानं, तर दोघांचे ठिपके एका रेघेवर कधीच आले नसते. रेघ सरळ दिसते ती निसर्गाच्या नियमामुळे, हे तर खरंच; पण जगभरच्या प्रयोगशाळांनी एकाच तापमानाला, एकच वेळ थांबायचं मान्य केलं म्हणूनही ती दिसते. आणि ८० मिनिटंच का, त्याचं उत्तर तिसऱ्या आकृतीत आहे.

दुसरी आकृती थोडी जुनी. हॅम्बुर्गच्याच रेनाटे वुन्स्टॉर्फ यांच्या १९९२च्या प्रबंधातली. आडव्या अक्षावर पुन्हा मारा, उभ्या अक्षावर चकती पूर्ण जागी करायला, म्हणजे तिच्या सगळ्या जाडीतून भार गोळा व्हावा यासाठी, लागणारं व्होल्टेज. वक्र डावीकडून सपाट येतो, मग एकाएकी खोल दरीत कोसळतो, तळ गाठतो आणि पलीकडून चढू लागतो. चढतो तो चढतच जातो. दरीच्या डाव्या बाजूला लिहिलंय एन-प्रकार, उजव्या बाजूला पी-प्रकार.

पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, दरीच्या तळाशी काहीतरी विलक्षण घडत असणार. तसं काही नाही. फॉस्फरस मिसळून एन-प्रकारचं केलेलं सिलिकॉन मारा खाऊ लागलं की फॉस्फरसचे अणू दोषांमध्ये अडकून निकामी होतात, आणि उलट वृत्तीचे, ऋण भार धरून बसणारे नवे दोष साचत जातात. निव्वळ भार धनाकडून शून्याकडे सरकतो आणि तसाच सरळ ऋणात शिरतो. चकती हळूहळू पी-प्रकारची बनते. दरी दिसते ती आपल्या मांडणीमुळे: लॉग मोजपट्टीवर ऋण आकडा दाखवता येत नाही, म्हणून केवळ परिमाण काढलं, आणि शून्याखाली गेलेली बाजू घडी घालावी तशी वर आली. एवढं उमगल्यावर ही आकृती मला जास्तच आवडू लागली. दरीचा तळ हा सिलिकॉनच्या आयुष्यातला सर्वांत शांत क्षण आहे. त्या घडीला चकती जवळपास शुद्ध सिलिकॉनसारखी वागते, अगदी थोड्या व्होल्टेजनं जागी होते. त्यानंतर मात्र सुटका नाही. ३०० मायक्रॉनच्या चकतीत दर घनसेंटिमीटरला एकावर १२ शून्यं इतका निव्वळ भार साचला की सुमारे ७० व्होल्ट लागतात, दहापट साचला की ७००. पुरवठा करणाऱ्या तारा, जोडण्या, कडांचं इन्सुलेशन यांची एक मर्यादा असते. ती ओलांडली की चकतीचा काही भाग झोपलेलाच राहतो.

आणि झोपलेला भाग कोणत्या बाजूला आहे, हा प्रश्न त्याहून मोलाचा. प्रकार बदलला की विद्युतक्षेत्राचा जोर चकतीच्या पुढच्या बाजूकडून मागच्या बाजूला जातो. पट्ट्या पुढे असतील तर नेमका त्यांच्याजवळचाच भाग आधी मंद होतो. कोलायडरवरच्या ॲटलास प्रयोगाच्या पहिल्या पिक्सेल डिटेक्टरसाठी एन-प्रकारच्या चकतीवर एन-प्रकारचेच पिक्सेल घेतले, ते याच कारणानं. चकती कोरी असताना ही रचना अवघड आणि खर्चिक वाटते. दोन्ही बाजूंना नक्षी कोरावी लागते. पण दरी ओलांडल्यावर क्षेत्राचा जोर पिक्सेलच्या बाजूला येतो आणि चकती पूर्ण जागी नसतानाही काम चालू राहतं. मोडल्यानंतर ती जशी वागणार होती, तिची बांधणी त्यासाठीच केली होती. रेडिएशन-हार्ड हा शब्द ऐकला की न मोडणारी वस्तू डोळ्यांसमोर येते. या क्षेत्रात तसं काहीच नाही. इथे टिकाऊपणा म्हणजे मोडतोडीचं वेळापत्रक आधीच वाचलेलं असणं.

तिसरी आकृती या सगळ्यांत माझी आवडती. ती पुन्हा मोल यांच्या प्रबंधातली. इथे मारा संपलेला आहे. चकती ६० अंशांवर नुसती ठेवली आहे आणि आडव्या अक्षावर वेळ आहे, एका मिनिटापासून दहा हजार मिनिटांपर्यंत. उभ्या अक्षावर निव्वळ भारात झालेला बदल. कुणीही काही करत नाही, तरीही वक्र हलतो: आधी उतरतो, तासाभराच्या सुमारास तळाशी रेंगाळतो, आणि मग चढू लागतो, सुरुवातीपेक्षाही वर. दही लावण्यासारखं आहे हे: ठरावीक वेळ ऊब मिळाली तर नीट लागतं, विसरलात तर आंबतं.

या एका वक्रात तीन गोष्टी एकमेकींवर लिहिलेल्या आहेत आणि त्या सुट्या करून दाखवणं हे हॅम्बुर्ग मॉडेल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मांडणीचं मोठं काम. पहिली, काही दोष उबेनं विरघळतात. ६० अंशांना त्यांचा कालावधी वीसेक मिनिटांचा. दुसरी, काही दोष पक्के, वेळेचा त्यांच्यावर काहीच परिणाम नाही. तिसरी, सुरुवातीला निरुपद्रवी असलेलं काहीतरी हळूहळू उपद्रवी दोषांत बदलत जातं. ६० अंशांना याला सुमारे २१ तास लागतात. पहिली गोष्ट संपलेली आणि तिसरी अजून जोर न धरलेली, अशी मधली फट म्हणजे वक्राचा तळ. ८० मिनिटं तिथली. पहिल्या आकृतीतली ती बारीक अट इथून आली.

मग तापमान बदलून तिसऱ्या गोष्टीचा कालावधी पाहावा. २० अंशांना २१ तासांचे ४७५ दिवस होतात. १० अंशांना आठ वर्षं. शून्याला साठेक वर्षं. उणे १० अंशांना पाचशे वर्षांच्या पलीकडे. आकड्यांचा हा उतार पाहिला की डिटेक्टर थंड ठेवण्याची दुसरी बाजू दिसते. गळती आवरणं हे एक कारण. मोडलेल्या चकतीला पुढे बिघडू न देणं हे दुसरं, आणि माझ्या मते जास्त खोलातलं. कोलायडर बंद असतानाही, एकही कण धावत नसतानाही, गुहेतल्या डिटेक्टरला थंडच ठेवतात. दुरुस्तीसाठी त्याला उबेत आणावंच लागतं तेव्हा ते दिवस मोजून खर्च करतात: फार थोडे दिले तर भरून येण्याचा लाभ नाही, फार दिले तर आंबण्याची सुरुवात. एका प्रबंधातल्या वक्रावरून सर्नच्या गुहांमधल्या सुट्टीचं वेळापत्रक ठरतं. शास्त्रीय लेखनाला याहून मोठी दाद मला सुचत नाही.

त्या तिसऱ्या गोष्टीचे अपराधी कोण, हे कळायला आणखी दहाएक वर्षं गेली. बुखारेस्टच्या योआना पिंटिलिए आणि हॅम्बुर्गची मंडळी यांनी चकत्या खूप थंड करून, दोषांमध्ये भार भरून, मग सावकाश तापवत नेल्या. कोणत्या तापमानाला कोणता दोष आपला भार सोडतो ते प्रवाहाच्या छोट्या शिखरांवरून टिपलं. उपद्रवी ठरलेल्या दोषांची रचना नीट ठाऊक नव्हती, म्हणून त्यांना त्या तापमानांचीच नावं दिली: ११६ केल्विन, १४० केल्विन, १५२ केल्विन. आजही शोधनिबंधांत ते याच नावांनी वावरतात.

चौथ्या आकृतीत पहिल्यांदाच आशा दिसते. १९९६मध्ये सर्नमध्ये आरडी-४८ हा गट उभा राहिला, रोझ या नावानं ओळखला जाणारा, आणि त्यात हॅम्बुर्गचे गुन्नार लिंडस्ट्रॉम पुढे होते. त्यांचा प्रश्न साधा होता: सिलिकॉनमध्ये मुद्दाम काही मिसळलं तर? काही चकत्या ११५० अंशांच्या आसपास तापवून त्यांच्यात ऑक्सिजन मुरवला, काहींमध्ये कार्बन वाढवला, काही तशाच ठेवल्या. सगळ्यांवर सर्नच्या प्रोटॉन सिंक्रोट्रॉनचा २४ गिगा-इलेक्ट्रॉन-व्होल्टचा झोत सोडला. आकृतीचे अक्ष दुसऱ्या आकृतीतलेच. दरीपर्यंत तिन्ही वक्र थोडेफार सोबत येतात. दरीनंतर त्यांच्या वाटा फुटतात. कार्बनवाला सर्वांत चढा, साधा मधला, आणि ऑक्सिजनवाल्याचा चढ सुमारे तिपटीनं कमी. तीन पट म्हणजे तेवढ्याच व्होल्टेजवर डिटेक्टरची काही वर्षं वाढली. ॲटलासच्या पिक्सेलमध्ये पुढे हेच ऑक्सिजन मुरवलेलं सिलिकॉन वापरलं गेलं.

ऑक्सिजन भटक्या पोकळीला आधीच पकडतो आणि तिला दुसऱ्या पोकळीशी जोडून आणखी घातक दोष बनवू देत नाही, असं स्पष्टीकरण दिलं गेलं. कार्बन नेमकं उलट करतो: तो पोकळीऐवजी भटक्या सिलिकॉन अणूला पकडतो, त्यामुळे पोकळी मिटवायला कुणी उरत नाही. इथवर सगळं जुळतं. मग त्याच चकत्या अणुभट्टीतल्या न्यूट्रॉनांसमोर ठेवल्या, आणि ऑक्सिजनचा फायदा जवळजवळ नाहीसा झाला. मारा त्याच एककात तितकाच, परिणाम निराळा. ज्या एककावर सगळी मांडणी उभी होती, त्याचीच मर्यादा उघड झाली. न्यूट्रॉन अणुकेंद्रावर आदळतो तो जोरानं. उखडलेला अणू पुढे शेकडो अणू उखडत एका छोट्या जागेत मोडतोडीचा गठ्ठा करून टाकतो, आणि ऑक्सिजन तिथे पोहोचण्याआधीच पोकळ्या एकमेकींत गुंतलेल्या असतात. वेगवान प्रोटॉन विद्युतभारामुळे हलके धक्केही पुष्कळ देतो, त्यांतून सुट्या पोकळ्या निघतात आणि त्या ऑक्सिजनच्या हाती लागतात. मोठ्या गटाला आपल्या यशावर थांबता आलं असतं. त्यांनी न्यूट्रॉनांचा निकाल प्रोटॉनांच्या निकालाशेजारी छापला, आणि पुढची वीस वर्षं या विषयाला त्यातून काम मिळालं.

सीएमएस प्रयोगाच्या प्रीशॉवर डिटेक्टरमध्ये न्यूट्रॉनांचाच मारा जास्त, कारण त्याच्या मागे उभ्या असलेल्या कॅलरीमीटरमधून न्यूट्रॉन उलटे फिरून येतात. त्या डिटेक्टरचे सिलिकॉन सेन्सर ज्या देशांत घडले त्यांत भारतही होता. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रानं रचना केली आणि बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये ते तयार झाले. एकेका सेन्सरवर ३२ पट्ट्या. कोणता सेन्सर किती व्होल्टेज झेलेल याची एकेकाची तपासणी झाली ती या आकृत्यांतला चढ डोळ्यांपुढे ठेवूनच.

२००२मध्ये रोझच्या जागी आरडी-५० हा गट आला आणि आडवा अक्ष उजवीकडे लांबला. कोलायडरच्या पुढच्या, जास्त झोतघनतेच्या टप्प्यात सर्वांत आतल्या थरावर एकावर १६ शून्यं आणि त्याहून अधिक मारा अपेक्षित आहे. तिथे व्होल्टेजचा हिशेब अपुरा पडतो, कारण मोकळा झालेला इलेक्ट्रॉन जेमतेम २० मायक्रॉन जाऊन एखाद्या दोषात अडकेल असा अंदाज होता. शेरवुड पार्कर, ख्रिस केनी आणि ज्युली सीगल यांनी १९९७मध्येच यावर वेगळी वाट सुचवली होती: इलेक्ट्रोड पृष्ठभागावर न ठेवता चकतीत उभे खोदायचे. मग चकती जाड राहते आणि भाराला मात्र आडवं, थोडंसंच अंतर कापावं लागतं. २०१४मध्ये ॲटलासमध्ये बसवलेल्या, टकरीपासून ३.३ सेंटिमीटरवरच्या थरात असे सेन्सर होते.

याच मोठ्या माऱ्याच्या मोजमापांत, हजार व्होल्टच्या वर, पी-प्रकारच्या चकत्यांनी अंदाजापेक्षा जास्त भार दिला. ठिपके रेघेच्या वर पडले. साचलेल्या ऋण दोषांमुळे पट्ट्यांपाशी क्षेत्र इतकं तीव्र झालं होतं की इलेक्ट्रॉन वाटेत आणखी इलेक्ट्रॉन मोकळे करू लागले. मोडतोडीतूनच आलेली ही वाढ. चकतीत मुद्दाम बोरॉनचा पातळ थर देऊन, काबूत ठेवलेली अशीच वाढ घडवणारे सेन्सर बार्सिलोनात आरडी-५०च्याच कामातून तयार झाले. जेमतेम ५० मायक्रॉन जाडीचे, आणि कण कधी गेला ते ३० पिकोसेकंदांच्या आसपास अचूक सांगणारे. पण माऱ्याखाली हा बोरॉन निकामी होतो. भटके सिलिकॉन अणू त्याला जागेवरून हुसकावतात. उपाय सापडला तो कार्बनमध्ये: बोरॉनच्या थरात कार्बन मिसळला की भटक्या अणूंना तो आधी पकडतो आणि बोरॉन जागेवर राहतो. रोझच्या आकृतीत ज्या सवयीनं कार्बनला सर्वांत चढी रेघ दिली, तीच ही सवय. ॲटलासमध्ये वेळ मोजण्यासाठी बसणाऱ्या नव्या थराकरता कार्बन मिसळलेले सेन्सरच निवडले आहेत.